काकांच्या आयपॉडमधील घुमट आरत्या : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

काकांनी आज त्यांचा आयपॉड माझ्याकडे सोपवला. सप्टेंबर २००६ मध्ये बाजारात आलेल्या पिढीतला, ३० जीबीचा, काळ्या रंगाचा हा यंत्राचा नग त्यांनी कुवेतमध्ये नोकरीला असताना घेतला होता. त्यात इतर गाण्यांबरोबर आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या वाड्यावरच्या घुमट आरत्यांचे, म्हणजे घुमट या मडक्यावर कातडे ताणलेल्या तालवाद्याच्या साथीने गायल्या जाणाऱ्या आरत्यांचे, ध्वनिमुद्रण होते. माझ्या वडिलांनी १९९० च्या दशकात वेगवेगळ्या चवथींना, म्हणजे गणेश चतुर्थींना, साध्या टेपरेकॉर्डरवर बारा कॅसेटी भरल्या, काकांनी २००७ साली त्या कुवेतला नेऊन संगणकावर एमपी३ स्वरूपात उतरवल्या, आणि तो संगणक पुढे विकला गेला. मूळ कॅसेटींना पावसाळ्यांत बुरशी धरली आणि घराच्या दुरुस्तीच्या वेळी त्या टाकून दिल्या गेल्या. त्यामुळे आज या आरत्यांची जगातली एकमेव प्रत या यंत्रात आहे, किंवा होती.

घडले ते असे, की हे यंत्र काही वर्षांपूर्वी कपाटावरून फरशीवर पडले आणि त्यानंतर मधूनच अडकू लागले. या जानेवारीत ते संगणकाला जोडल्यावर ‘रिस्टोअर’ करण्याची सूचना आली, घरातल्या कोणीतरी होकार दिला आणि पडद्यावर गाण्यांची संख्या शून्य झाली. म्हणजे इजा दुहेरी आहे. डिस्क शरीरानेही दुखावली आहे आणि तिच्यावरची फायलींची नोंदवहीही पुसली गेली आहे. या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी हात घालायचा नाही, हा पहिला निर्णय. आधी जे वाचता येईल ते सगळे जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, आणि पुढचे काम फक्त त्या प्रतीवर करायचे.

या आरत्यांचे मोल केवळ घरगुती नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो. त्या काळी आमच्या वाड्यावर वाजणाऱ्या घुमटांना घोरपडीचे कातडे होते. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि आता बकऱ्याचे कातडे चढवतात. हा बदल योग्यच आहे. परंतु जुन्या कातड्याचा तो आखूड, टणक ठोका आणि त्यामागून मडक्याच्या उघड्या तोंडावरच्या डाव्या हाताने वळवलेला घुमारा पुन्हा मुद्रित करता येणार नाही.

४ ऑगस्ट, रविवार

डिस्कवर काहीही न लिहिता तिची प्रकृती पाहण्यासाठी यंत्र एकदाच चालू केले. मेनू आणि मधले बटण एकत्र दाबून ते पुन्हा सुरू करायचे आणि लगेच मधले व मागे नेणारे बटण धरून ठेवायचे, म्हणजे या पिढीत तपासणीचा आतला मेनू उघडतो. हार्ड डिस्कच्या स्वतःच्या नोंदी तेथे दिसतात. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा मजकुराचा लहानात लहान तुकडा. बदली दिलेले सेक्टर ४१२ आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर ९६ असे आकडे मिळाले. दुसरा आकडा म्हणजे वाचताना अडखळलेल्या, पण अजून बाद न ठरवलेल्या जागा. चार मिनिटांत टक-टक असा आवाज दोनदा आला आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. बॅटरी जवळजवळ मेलेली आहे. वाचन अडले की यंत्र स्वतःलाच पुन्हा सुरू करते, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या केबलमधून ३० जीबी ओढून घेणे शक्य नाही. डिस्क बाहेर काढावी लागेल. तोवर यंत्र चालू करणार नाही.

एका परिचिताने डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला. गोव्याच्या ऑगस्टमधल्या हवेत थंडगार डिस्क बाहेर काढताच तिच्यावर दव धरेल, आणि ते आत शिरले तर तबकडीवर तरंगणाऱ्या वाचक डोक्याला तेवढे पुरे आहे. सल्ला मनापासून दिलेला होता, पण तो मी स्वीकारलेला नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

डिस्क थेट संगणकाला जोडण्यासाठी मागवलेला अडॉप्टर आला. मागचे धातूचे झाकण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने सोडवले. या यंत्रात झाकण आणि पुढचा भाग दोन चपट्या केबलींनी जोडलेले असतात, एक बॅटरीची आणि दुसरी हेडफोनच्या खाचेची. झाकण घाईने उचलले तर या केबली फाटतात, म्हणून ते पुस्तकासारखे एका बाजूला उघडून आधी बॅटरीची केबल सोडवली. डिस्क १.८ इंची आहे आणि निळ्या रबरी कोपऱ्यांत बसवलेली आहे. तिची केबल धरून ठेवणारी काळी पट्टी नखाने वर उचलल्यावर केबल सहज निघाली. डिस्क अडॉप्टरवर बसवून, रबरासहित, सपाट पाटावर ठेवली आहे. संगणकाला अद्याप जोडलेली नाही, कारण जोडताच डिस्क आपणहून उघडून पाहण्याची संगणकाची सवय आधी बंद करायची आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

डिस्क ओळखली गेली आणि ५,८६,०५,१२० सेक्टर दिसले, म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटांच्या हिशेबाने बरोबर ३० जीबी. प्रत काढण्यासाठी डीडीरेस्क्यू हे मुक्त साधन वापरले. साधी नक्कल करणारे साधन पहिल्याच खराब सेक्टरपाशी हटून बसते आणि आधीच थकलेल्या डिस्कला तेथेच पुन्हा पुन्हा घासायला लावते. डीडीरेस्क्यू अडखळले की ती जागा मॅप फाइलमध्ये टिपते, पुढे उडी मारते आणि चांगला भाग आधी गोळा करते. काम मध्येच थांबवले तरी त्या मॅप फाइलवरून ते नेमके तेथूनच पुढे चालते. पहिल्या फेरीत खरवडून, म्हणजे अडलेल्या जागी एकेक सेक्टर, वाचण्याचा टप्पा मुद्दाम बंद ठेवला होता.

तीन तास दहा मिनिटांत ९८.१ टक्के भाग उतरला. टक-टक ऐकू आली की काम थांबवून डिस्कला वीस मिनिटे विश्रांती दिली. असे पाच वेळा करावे लागले.

११ ऑगस्ट, रविवार

आज तीच फेरी उलट दिशेने, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे चालवली. खराब पट्ट्याच्या अलीकडची कड सरळ वाचनात मिळते आणि पलीकडची कड उलट वाचनात, एवढे साधे हे तत्त्व आहे. ९९.७ टक्के. मॅप फाइल पाहिल्यावर लक्षात आले, की न वाचलेल्या जागा विखुरलेल्या नसून जवळपास समान अंतराने झुबक्यांनी आलेल्या आहेत. तबकडीच्या एकाच पृष्ठावर ओरखडा असेल तर असेच दिसायला हवे, कारण डिस्क एका पृष्ठावरून दुसऱ्यावर ठराविक अंतराने जात लिहीत असते.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी असल्याने दिवसभर डिस्कजवळ बसता आले. उरलेल्या झुबक्यांवर एकेक सेक्टर वाचण्याचा टप्पा चालवला आणि त्यानंतर तीन पुनर्प्रयत्नांची परवानगी दिली. पहिल्या पुनर्प्रयत्नात बऱ्यापैकी भर पडली, दुसऱ्यात किरकोळ, तिसऱ्यात काहीच नाही. संध्याकाळी साडेसहाला थांबलो. १४,२०८ सेक्टर वाचता आले नाहीत, म्हणजे सुमारे ७.३ एमबी. दर दहा हजार सेक्टरांमागे हे प्रमाण जेमतेम अडीच भरते. आणखी दहा पुनर्प्रयत्न केले असते तर कदाचित शे-पन्नास सेक्टर मिळाले असते. मात्र डोके तबकडीवर टेकले तर पुढे कोणालाच काही करता येणार नाही. काकांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तू बघ, तुला पटेल तसं कर. पण ती टाकू नको.” डिस्क टाकणार नाही. ती स्थिरविद्युतरोधक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहे.

डिस्क इमेजची, म्हणजे डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेल्या या एका मोठ्या फायलीची, लगेच दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत केली आणि मूळ इमेज केवळ वाचता येईल अशी बंद केली.

१७ ऑगस्ट, शनिवार

आजचा जवळजवळ सगळा दिवस एकाच कोड्यात गेला. इमेज उघडेना. डिस्कचा कोणता भाग कोठून सुरू होतो हे सांगणारा विभाजनाचा तक्ता पहिल्या सेक्टरमध्ये धडधडीत दिसत होता. पहिला भाग यंत्राच्या अंतर्गत प्रणालीचा आणि दुसरा फायली मांडण्याच्या फॅट३२ पद्धतीचा, कारण काकांनी तो विंडोजच्या संगणकावर वापरला होता. मात्र तक्त्यात सांगितलेल्या जागी गेले की तेथे फॅट३२ ची कोणतीही खूण नव्हती. शिवाय दुसऱ्या भागाची तक्त्यात लिहिलेली लांबी डिस्कच्या जेमतेम पाव भागाएवढी भरत होती. सुरुवातीला वाटले, की रिस्टोअर करताना तक्ताच चुकीचा लिहिला गेला.

उलगडा त्या ‘पाव’ या आकड्यानेच केला. आयपॉडच्या या पिढीत डिस्कचा स्वतःचा सेक्टर ५१२ बाइटांचा असला तरी यंत्र बाहेरच्या जगाला २०४८ बाइटांचा सेक्टर असल्याचे भासवते, आणि विभाजनाचा तक्ताही त्याच मापाने लिहिते. यंत्राच्या केबलमधून जोडले असते तर हे कधी कळलेही नसते. मी डिस्क बाहेर काढून थेट अडॉप्टरवर लावली, त्यामुळे संगणकाने तक्त्यातले आकडे ५१२ च्या मापाने वाचले आणि तो अंतराच्या एक चतुर्थांशावरच थांबला. प्रत्येक आकडा चारने गुणला आणि फॅट३२ ची खूण नेमक्या जागी सापडली. इमेज जोडताना सेक्टरचे माप २०४८ आहे असे सांगितल्यावर दोन्ही भाग नीट उघडले.

डिस्क बाहेर काढून वाचणाऱ्या कोणीही हा मुद्दा विसरू नये. मी दुपारी दोन वाजता तक्ता ‘दुरुस्त’ करण्याच्या विचारात होतो. तसे केले असते तर निरोगी तक्ता मोडला असता, अर्थात केवळ प्रतीवर.

१८ ऑगस्ट, रविवार

अपेक्षेप्रमाणे उघडलेला भाग रिकामा आहे. नव्याने तयार झालेले फोल्डर तेवढे आहेत. आयपॉड आपली गाणी लपवलेल्या एका फोल्डरात, एफ ००, एफ ०१ अशा क्रमांकाच्या उपफोल्डरांत ठेवतो आणि प्रत्येक फाइलला चार अक्षरांचे, कोणताही अर्थ नसलेले नाव देतो. कोणते गाणे कोणत्या फायलीत आहे, हे वेगळ्या नोंदवहीत लिहिलेले असते. ती नोंदवही गेली आणि फायलीचे तुकडे कोणत्या क्रमाने येतात हे सांगणाऱ्या फॅटच्या साखळ्याही शून्य झाल्या. येथे एक दिलासा मात्र आहे. फायलींची नावे मुळातच निरर्थक असल्याने ती गेल्याचे दुःख नाही. गाण्याची खरी ओळख फायलीच्या पोटातच, आयडी३ टॅगमध्ये, लिहिलेली असते, आणि रिस्टोअर त्या मजकुराला हात लावत नाही.

म्हणून फोटोरेक चालवले. नाव छायाचित्रांचे असले तरी हे साधन नोंदवहीकडे न पाहता सरळ मजकुराची ठेवण ओळखून फायली वेचून काढते, आणि त्यात एमपी३ ही येतात. रात्री अकरापर्यंत ४,१०० हून अधिक फायली बाहेर आल्या. बहुतेक चित्रपटगीते आणि नाट्यपदे आहेत. ती काकांना वेगळी देईन. त्यांच्यावर वेळ घालवणार नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

काकांनी त्यांच्या वहीतल्या दोन पानांची छायाचित्रे पाठवली. बारा कॅसेटी, प्रत्येकी साठ मिनिटांच्या, आणि प्रत्येक बाजूची एक फाइल, म्हणजे एकूण २४. वहीत कॅसेटचा क्रमांक, बाजू आणि कोणाच्या घरची आरती ते लिहिले आहे. टॅगमध्ये त्यांनी हेच रोमन लिपीत, त्याच क्रमांकाने भरले होते. या शिस्तीमुळे शोध एका संध्याकाळीत संपला आणि २४ ही फायलींची सुरुवात सापडली. अर्ध्या तासाची बाजू १२८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, या वेगाने २८.८ एमबी व्हायला हवी, त्या मापाने १९ फायली पूर्ण आहेत. उरलेल्या पाच तोकड्या आहेत, त्यातली एक केवळ चार मिनिटांची.

२४ ऑगस्ट, शनिवार

पाच फायली तोकड्या का, याची दोन कारणे संभवतात. एमपी३ ही लहान लहान चौकटींची माळ असते आणि प्रत्येक चौकटीच्या तोंडाशी ठराविक खूण असते. पुढची खूण अपेक्षित जागी मिळाली नाही की फोटोरेक फाइल संपली असे मानते. खूण न मिळण्याचे कारण वाचता न आलेला सेक्टर असू शकेल, किंवा फायलीचे दोन तुकडे डिस्कवर दोन वेगळ्या जागी असणे असू शकेल.

हे ठरवण्यासाठी डीडीरेस्क्यूची भरण पद्धत उपयोगी पडली. मॅप फाइलमध्ये खराब ठरलेल्या प्रत्येक सेक्टरमध्ये, इमेजच्या तिसऱ्या प्रतीवर, माझा ओळखीचा मजकूर भरला. मग प्रत्येक तोकडी फाइल जेथे तुटते तेथे इमेजमध्ये जाऊन पाहिले. चार ठिकाणी माझा मजकूर दिसला, म्हणजे तेथे सेक्टर गेलेला आहे आणि त्यापुढे फाइल सलग चालू आहे. त्या चारही फायली सुरुवातीपासून शेवटच्या टॅगपर्यंत सलग कापून घेतल्या. शेवट ओळखणे सोपे होते, कारण जुन्या पद्धतीचा टॅग फायलीच्या शेवटच्या १२८ बाइटांत असतो, त्याच्या तोंडाशी इंग्रजीतली ‘टॅग’ ही तीन अक्षरे असतात आणि लगेच शीर्षक येते.

गेलेले सेक्टर चार फायलींत अनुक्रमे १, ३, ९ आणि २२ आहेत. एवढ्या मोठ्या जखमेतून आरत्यांच्या वाट्याला इतके थोडे आले, याचा आज फार आनंद झाला.

२५ ऑगस्ट, रविवार

पाचवी फाइल, कॅसेट ७ ची दुसरी बाजू, जेथे तुटते तेथे माझा मजकूर नाही. तेथे एका चित्रपटगीताची सुरुवात आहे. काकांनी मधली काही गाणी काढून टाकल्यावर ही फाइल भरली असणार, आणि ती दोन मोकळ्या जागांत वाटली गेली.

संपूर्ण इमेजमध्ये ‘टॅग’ आणि कॅसेट ७ चे शीर्षक असा एकत्र शोध घेतला. एकच जागा निघाली, आणि ती फोटोरेकने वेचलेल्या कोणत्याही फायलीत नव्हती. तेथून १६ केबीच्या क्लस्टरांनी, म्हणजे फॅट३२ फायलींना ज्या मापाच्या तुकड्यांत जागा देते त्यांनी, एकेक पाऊल मागे गेलो. या वेगाला एक क्लस्टर म्हणजे साधारण एक सेकंदाचे गाणे, त्यामुळे मागे जाणे म्हणजे सेकंदा-सेकंदाने आरती उलटी मोजण्यासारखे होते. शेवटी दुसऱ्या एका गाण्याचे शेपूट लागले. तेथपर्यंतचा तुकडा सव्वीस मिनिटांचा भरला आणि पहिला चार मिनिटांचा. बेरीज जुळली, पण केवळ बेरजेवर विश्वास ठेवणे मला पटेना. १२८ केबीपीएसच्या एका चौकटीत ४१७ किंवा ४१८ बाइट असतात. पहिल्या तुकड्याच्या शेवटी एक चौकट १५१ बाइटांवर अर्धवट कापलेली होती, आणि दुसऱ्या तुकड्याची पहिली खूण बरोबर २६७ बाइटांनंतर सुरू होत होती. १५१ आणि २६७ मिळून ४१८. सांधा खरा आहे.

जोडलेली फाइल ऐकली. सांध्यापाशी घुमटाच्या साथीचे शामेळ हे तालवाद्य आणि कासाळे ही झांज दोन्ही चालू आहेत आणि लय जराही हललेली नाही. हे ऐकताना वडिलांचा खोकला माइकजवळ येतो, तो मी विसरलो होतो.

३१ ऑगस्ट, शनिवार

चार जखमी फायली हेडफोन लावून, तुटीच्या जागा आधी मोजून, ऐकल्या. एक सेक्टर म्हणजे या वेगाला ३२ मिलिसेकंद आणि एक चौकट म्हणजे २६, त्यामुळे एक सेक्टर गेला तरी दोन-तीन चौकटी निकामी होतात. शिवाय एमपी३ मध्ये एका चौकटीचा काही मजकूर आधीच्या चौकटीत उसना ठेवलेला असतो, म्हणून पुढची धडधाकट चौकटही कधी कधी उलगडत नाही. एक सेक्टर गेलेली जागा गायनाच्या लांब स्वरात आहे आणि सांगितल्याशिवाय कळणार नाही. तीनची जागाही सहन होते. नऊची जागा मात्र घुमटाच्या नेमक्या ठोक्यावर पडली आहे. ठोका दिसेनासा होतो आणि केवळ मागचा घुमारा उरतो. बावीसची जागा म्हणजे सातशे मिलिसेकंदांची पोकळी, आणि तिच्यात एका ओळीचा शेवट गेला आहे.

काकांचे म्हणणे असे पडले, की “तोच ठेका पुढच्या आवर्तनात पुन्हा येतो ना, तिथला ठोका उचलून इथं बसव. चवथीला लावायचं आहे, कोणाला कळणार?” तांत्रिकदृष्ट्या ते सोपे आहे आणि बहुधा कोणाला कळणारही नाही. माझी अडचण नेमकी तीच आहे. उद्या कोणी या मुद्रणावरून जुन्या घुमटाचा बाज शिकायला बसला, तर त्याला तो ठोका खरा वाटेल, आणि वाजवणाऱ्याने त्या क्षणी काय केले ते आपल्याला माहीत नाही. काकांना म्हणालो, “काका, जे गेलं ते गेलेलं ऐकू येऊ द्या. तुम्ही सांगाल तर चवथीसाठी आवाज हळूहळू कमी-जास्त करून खटका तेवढा काढतो.” त्यांनी थोडा वेळ घेतला आणि मान्य केले.

त्यामुळे प्रत्येक जखमी फायलीची दोन रूपे ठेवली आहेत. एक डिस्कवरून आली तशी, बाइटही न बदललेली. दुसरी ऐकण्यासाठी, फ्लॅक या आवाजाची गुणवत्ता न घटवणाऱ्या स्वरूपात, जिच्यात तुटीच्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता आहे, म्हणजे लयीचा हिशेब ढळत नाही. एमपी३ मधून पुन्हा एमपी३ बनवलेली नाही.

१ सप्टेंबर, रविवार

फायलींना देवनागरीत नावे दिली : कॅसेट क्रमांक, बाजू, घर. काकांच्या वहीच्या पानांची छायाचित्रे, मॅप फाइल आणि तुटीच्या जागांचा तक्ता त्याच फोल्डरात ठेवला. प्रत्येक फायलीचा शा-२५६ ठसा, म्हणजे फायलीत एक बाइट बदलला तरी बदलणारा खुणेचा आकडा, काढून वेगळ्या मजकूर फायलीत लिहिला आहे. वर्षातून एकदा तो ताडून पाहायचा. तीन प्रती केल्या : एक माझ्याकडे, एक काकांकडे, एक पुण्याला बहिणीकडे.

५ सप्टेंबर, गुरुवार

काकांनी सर्व २४ बाजू ऐकून वहीतली एक चूक दाखवली. कॅसेट ४ ची पहिली बाजू त्यांनी ज्या घरची लिहिली होती तेथली ती नव्हे. मागे विहिरीच्या रहाटाचा आवाज येतो, आणि त्या वाड्यावर रहाट एकाच घरी होता. तक्त्यात दुरुस्ती केली आणि जुनी नोंद खोडून न टाकता तिच्याशेजारी ठेवली. वाड्यावरची दोन मुले परवाच्या चवथीसाठी घुमटाचा सराव करत आहेत. त्यांनी कॅसेट ७ ची दुसरी बाजू मागितली आहे, ती आज पेन ड्राइव्हवर दिली. बावीस सेक्टरांच्या पोकळीत गेलेल्या ओळीचा शेवट मंडळातल्या ज्येष्ठांना विचारून तक्त्यात लिहायचा आहे. मुद्रणात तो घालायचा नाही.